नऊ इंच आणि एक सूत

कादरच्या हातचं वेल्डिंग उकललं असं उर्से फाट्यावर कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि तसं त्याच्या तोंडावर म्हणायची कुणाची छातीही नव्हती. माणूस मनानं चांगला, पण कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नसे. टोलनाक्याच्या अलीकडे पत्र्याची शेड टाकून तीस वर्षं तो ट्रॅक्टरपासून क्रेनपर्यंत सगळ्यांची हाडं सांधत होता. पोकलेनला अंगठा बसवायचं काम मात्र त्याच्याकडं पहिल्यांदाच आलं.

पोकलेन आणलं होतं संदेशनं, आंदर मावळातल्या अंबाजीआबांच्या मुलानं. जपानातून बोटीनं आलेलं, वापरलेलं, पण इकडच्या नव्या मशीनला लाजवील असं. त्याच्या बकेटसमोर हायड्रोलिकवर चालणारा लोखंडी अंगठा हवा होता, म्हणजे दगड ढकलायच्या ऐवजी चिमटीत धरून उचलता येतो. शेतात बांध घालायचेत की कुणाच्या फार्महाऊसचं काम घेतलंय, असं कादरनं सहज विचारलं.  उत्तर दिलं ते संदेशच्या मागं उभ्या असलेल्या आबांनी.

"तिला काढायचीय," ते म्हणाले.

कादरला वेगळं सांगावं लागलं नाही. तीन वर्षांपूर्वी श्रावणात डोंगराची कड सुटली आणि आबांच्या गोठ्यावर आली. संदेशच्या आई, सरूबाई, पितळी चरवी घेऊन तिथं धार काढायला गेल्या होत्या. चार दिवस मशिनी माती ओढत होत्या. पाचव्या दिवशी एका बकेटनं म्हैस बाहेर काढली, ती दोन तुकड्यांत. ते पाहिलं आणि आबा स्वतः मशीनसमोर आडवे झाले. शोध त्यांनीच थांबवला. पुढं भाऊबंद म्हणाले, गवताचा पुतळा करून अग्नी द्या, दिवस घाला, बाईला मोकळी करा. आबांनी ऐकलं नाही. गवताची बाई जाळून माझी सरू कशी सुटंल, एवढंच ते म्हणत राहिले. आता त्यांना एकेक दगड उचलून ठेवणारा हात पाहिजे होता, ओरखडा न काढणारा.

कादरनं कामाला हात घातला. आर्मच्या खालच्या अंगाला खडूनं खूण केली, रंग घासला आणि तो दचकला. जिथं त्याची खूण होती, नेमकं तिथंच जुन्या वेल्डिंगचा माग होता. या मशीनला पूर्वी अंगठा होता. कुणीतरी तो कापून काढला होता आणि जागा इतकी मायेनं घासून, रंगवून गुळगुळीत केली होती, की कादरसारख्याच्या बोटांनाही ती लागली नव्हती. तेलाच्या नळ्यासुद्धा नीट बूच मारून ठेवलेल्या. केबिनमध्ये सीटच्या मागं रेशमी दोऱ्याची एक छोटी थैली सापडली, वर न वाचता येणारी अक्षरं. दुपारी डबा घेऊन आलेल्या कमरजहाँला त्यानं ती दाखवली. बायको म्हणाली, कुणाची तरी दुआ आहे ती, होती तिथं ठेवा. त्यानं ठेवली.

पाचव्या दिवशी अंगठा बसला. बिस्मिल्ला म्हणून कादरनं दांडी ओढली. अंगठा खाली आला, बकेटच्या दातांना टेकला, परत वर गेला. लोण्यासारखं काम. संध्याकाळी अंगठा आर्मला दुमडून, इंजिन बंद करून तो घरी गेला.

सकाळी अंगठा खाली आलेला होता. पुरता मिटलेला नव्हता. बकेट आणि अंगठ्याच्या मधे फट राहिली होती. तेल पाझरून तो आपल्या वजनानं उतरला असणार, असं कादरनं स्वतःला समजावलं आणि सिलिंडरचं सील बदललं. दुसऱ्या सकाळी तेच. वजनानं उतरलेलं लोखंड तळाला टेकेल, अधांतरी कशाला थांबेल? त्यानं टेप लावून फट मोजली. नऊ इंच आणि एक सूत. तिसऱ्या सकाळी पुन्हा मोजली. सुताचाही फरक नव्हता.

मार्गशीर्षातले दिवस, दहिवर पडत होतं. शेडबाहेर उभं मशीन नखशिखांत भिजलेलं असे, पट्ट्यांवरून पाणी ओघळत असे. बकेटचं पोट आणि अंगठ्याची आतली बाजू तेवढी कोरडी होती, रात्रभर तिथं कुणाला तरी धरून ठेवल्यासारखी. कादरनं तिथं तळहात टेकवला. लोखंड गार नव्हतं. त्यानं हात काढून घेतला आणि तो सदऱ्याला पुसला. मग पुसण्यासारखं काहीच लागलं नव्हतं हे लक्षात येऊन त्याला भीती वाटली. सरळ भीती, तिला दुसरं नाव नाही.

घरी त्यानं सगळं सांगितलं. कमरजहाँ भाकरी थापता थापता थांबली.

"त्या मशीनला ठाऊक आहे माणूस किती जाड असतं ते," ती म्हणाली. "तिकडं जपानात माणसंच काढली असतील त्यानं ढिगाऱ्यातून."

कादर तिच्यावर उखडला. बायकांना प्रत्येक गोष्टीत काहीबाही दिसतं म्हणाला, आणि न जेवता उठला.

त्या दिवसापासून अंगठा भर दुपारी, चालू इंजिनातही तिथंच अडायला लागला. दांडी पुरती ओढली तरी नऊ इंच आणि एक सूत. पंप कण्हायचा, अंगठा जागचा हलायचा नाही. उद्या मशीन न्यायला संदेश येणार होता. धरण्यात अशी ढिलाई राहिली तर लहान दगड निसटणार, आणि निसटलेला दगड कुणावर पडणार हे कादरला कळत होतं. शिवाय आपल्या शेडमधून अर्धवट काम बाहेर पडायचं म्हणजे त्याला मरणाची लाज.

अंगठ्याच्या तेलाच्या वाटेत एक रिलीफ व्हॉल्व असतो. जोर ठरल्यापेक्षा वाढला की तो तेल सोडून देतो आणि अंगठा थोडी माघार घेतो. या व्हॉल्वला कधी डिवचायचं नाही, हे कादर स्वतः शिकवत आला होता. त्यानं पाना घेतला आणि व्हॉल्व दोन आटे आवळला. दांडी ओढली. अंगठा धाडकन मिटला, दाताला दात भिडला. दुसऱ्या सकाळीही तो तसाच होता, घट्ट मिटलेला, सगळीकडून ओला. झालं काम, असं कादर म्हणाला खरा, पण ट्रेलरबरोबर आपणही निघाला. बोलावलं कुणी नव्हतं.

दरडीवर आता गवत माजलं होतं. संदेशनं नारळ फोडला, मशीनला हळदकुंकू लावलं आणि काम सुरू झालं. दगड एकामागून एक उचलले जात होते, बाजूला ठेवले जात होते. आबा उकिडवे बसून प्रत्येक दगडाखाली बघत होते. उन्हं डोक्यावर आली तेव्हा अंगठ्यानं मातीचा एक गड्डा धरला आणि काहीतरी करकरलं. संदेशनं बकेट खाली टेकवली. मातीतून पितळी चरवी निघाली.

चरवी काळीहिरवी पडली होती आणि मधोमध चेपली होती. त्या चेपलेल्या घडीत पितळ नवंकोरं, पिवळंधमक चमकत होतं.

आबांनी ती उलटीपालटी करून पाहिली. "कादरभाऊ, हे दरडीनं चेमटलंय का आत्ता?"

दरडीनं, असं म्हणून टाकता आलं असतं. तीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं.

"आत्ता, आबा," कादर म्हणाला. "ह्ये मशीन थांबत व्हतं. मीच त्याला थांबू दिलं न्हाई."

तो पाना घेऊन वर चढला. व्हॉल्वचे दोन आटे त्यानं सैल केले. दगड निसटतील, असं संदेश केबिनमधून सांगत होता. कादरनं त्याला बजावलं की लहान दगड आपण हातानं काढू, अंगठा जिथं थांबेल तिथं थांबू दे, दांडीशी झोंबू नको.

आणखी तासाभरानं अंगठा थांबला. बकेटमध्ये लाल मातीचा लांबट गोळा होता. पंप कण्हला, संदेशनं दांडी सोडली. कादरला टेप काढायची गरज पडली नाही. मातीतून हिरव्या इरकली लुगड्याचा काठ लोंबत होता.

संदेशनं दांडी उलटी ढकलली. अंगठा उघडेना. पुन्हा ढकलली. तरी उघडेना. मग त्यानं इंजिनच बंद केलं आणि केबिनमध्ये तोंड झाकून घेतलं. दरडीवर एकदम सामसूम झाली, गवतही हलेना. आबा उठले. धोतराला हात पुसून बकेटपाशी गेले आणि दोन्ही हात त्या गोळ्याखाली घातले, गोठ्यातलं नुकतं जन्मलेलं वासरू उचलावं तसे.

"सोड आता," ते मशीनला म्हणाले. "म्या धरलंय."

बंद इंजिनात तेल हलत नाही. कादरला हे त्याच्या नावाइतकं ठाऊक होतं. अंगठा हळूहळू, कसलाही आवाज न करता वर गेला आणि आर्मला जाऊन टेकला. आबांच्या हातांवर ओझं आलं, तसे ते खाली बसले आणि तिला मांडीवर घेऊन मोठ्यानं रडले. कादर पाना धरून उभा होता. आपणही रडतोय हे त्याला बऱ्याच वेळानं कळलं.

तिसऱ्या दिवशी संदेशनं मशीन शेडवर परत आणून लावलं. या अंगठ्याला आता दुसरं काही धरायला लावायचं नाही, हे सांगायला तो आला होता; कादरनं त्याला ते सांगू दिलं नाही. नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच तो मशीनपाशी गेला. अंगठा दुमडलेला होता तसाच होता. दहिवर सगळीकडं पडलं होतं, बकेटच्या पोटातसुद्धा. कादरनं फडक्यानं ते पाणी पुसलं, खडू घेऊन जुन्या मागावरच खूण केली आणि अंगठा कापायला घेतला. मग दिवसभर तो ती जागा घासत बसला.