हौदासाठी सौम्य शब्द

‘‘‘ऑफेन्सिव्ह’ काढा, ‘अनप्लेझंट’ घाला,’’ असं अत्तरदाणी मला म्हणाला तेव्हा त्याने नाकाला रुमाल लावला होता. खिडक्या बंद, एसी चालू, कोपऱ्यात फुसफुस करून सुगंध सोडणारं यंत्र, अंगावर अर्धी बाटली रिकामी केलेली, आणि वर रुमाल! हा आमच्या कारखान्याचा मॅनेजर. तोंडावर त्याला साहेब म्हणतात, पाठीमागे अत्तरदाणी.

कारखाना सरसाचा, सुतार लाकूड चिकटवायला वापरतात त्या. कातड्याचे तुकडे, हाडं, शिरा हे सगळं चुन्याच्या पाण्यात भिजत घालायचं आणि मग उकळायचं. ते पाणी वेळच्या वेळी बदलायचं असतं. आमच्याकडे बदलत नाहीत. मागच्या भिंतीला लागून उघडा हौद आहे, त्यावर पिवळट साय धरते. सायीखालून बुडबुडा वर येतो, फुटतो, आणि भिंतीपलीकडे आमच्या गल्लीत माणसं ताटावरून उठतात.

मी ह्याच कारखान्याच्या ऑफिसात बसते. पत्रं इंग्रजीत करते. इंग्रजी मला कुठल्या कॉलेजाने शिकवलं नाही, रद्दीतल्या डिक्शनऱ्यांनी शिकवलं. घरी दादा, वहिनी आणि माझी भाची. पोरगी चार वर्षांची होईल आता, पण उचलली तर उशी उचलल्यासारखी वाटते. घास तोंडाजवळ नेला की मान फिरवते, जबरदस्ती केली की ओकते. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, ‘‘पोटात काही बिघाड नाही. वास घशात बसलाय तिच्या. तो थांबवा, नाहीतर सलाईन लावायची वेळ येईल.’’

सरस विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीचा एक नियम आहे. गल्लीतल्या माणसांना बोलवायचं, हौदाजवळ उभं करायचं, वास कसा येतो ते विचारायचं, त्यांचे शब्द इंग्रजीत उतरवायचे. खाली भाषांतर करणाऱ्याची सही लागते. वास ‘अनप्लेझंट’ निघाला तर नोंद झाली, विषय संपला. ‘ऑफेन्सिव्ह’ निघाला तर झाकण बसेपर्यंत हौद बंद.

‘‘अर्थ एकच आहे हो,’’ अत्तरदाणी म्हणाला. ‘‘दोन्हीचा अर्थ वाईट.’’

‘‘एकच असता तर तुम्हाला एसीत घाम फुटला नसता. पाहुण्यांकडचा चहा गार निघाला तर तो अनप्लेझंट, साहेब. चहात उंदीर निघाला तर ऑफेन्सिव्ह.’’

‘‘उदाहरणं घाण देऊ नका.’’

‘‘उदाहरण घाण आणि हौद सौम्य?’’

आता त्या वास विचारण्याच्या कार्यक्रमाबद्दल सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरलं ते कळेल.

गल्लीतली माणसं सकाळी आली. त्यांना सरळ हौदावर नेलं नाही. उकळायच्या खोलीशेजारी एक बैठकीची खोली आहे, तिथे बसवलं. चहा आला, बिस्किटं आली, पुन्हा चहा आला. सगळी सकाळ तिथेच गेली. नाक फार नालायक अवयव आहे. घाणीत बसवून ठेवलं की थोड्या वेळाने काम करायचं सोडून देतं. हे अत्तरदाणीला पक्कं ठाऊक. मग मेलेली नाकं घेऊन माणसं हौदावर गेली. आमच्या गल्लीतले पोस्टमनकाका रोज संध्याकाळी भिंतीकडे बघून शिव्या घालतात. ते हात जोडून म्हणाले, ‘‘नेहमीचाच आहे की.’’ एक तर नाक मेलेलं, त्यात पोटात ह्यांचा चहा! खाल्ल्या घरच्या हौदाला नावं कशी ठेवायची?

‘‘नेहमीचा म्हणजे नॉर्मल,’’ अत्तरदाणी तिथल्या तिथे म्हणाला.

‘‘नेहमीचा म्हणजे युज्वल. दादाचा दात रोज दुखतो, म्हणून ते नॉर्मल होत नाही.’’

वहिनी मात्र खोलीत बसलीच नव्हती. ‘‘मला नको तुमचा चहा,’’ म्हणून फाटकाबाहेर रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली. बोलावल्यावर तरातरा आली, हौदाच्या कडेला पोचली आणि भडाभडा ओकली. तोंड पुसत म्हणाली, ‘‘किळस येते. आतडी बाहेर येतात. लिहा, वन्सं, हेच लिहा.’’

मी लिहिलं. ‘ऑफेन्सिव्ह’ लिहिलं, ‘व्हॉमिटेड’ लिहिलं. अत्तरदाणीने ‘व्हॉमिटेड’वर काट मारून ‘अनवेल’ केलं. ओकलेली बाई कागदावर जरा बरं नसलेली बाई झाली. मला तेव्हा हौदापेक्षा त्या पेनाची जास्त शिसारी आली.

‘‘बरं, मधलं काढू,’’ शेवटी तो म्हणाला. ‘‘‘व्हेरी अनप्लेझंट’. ह्याने ते पुढच्या वर्षी पुन्हा तपासतील. तुमचंही राहिलं, माझंही राहिलं.’’

‘‘पुढच्या वर्षीपर्यंत पोरीने काय हुंगून जगायचं?’’

‘‘सही करा, बाई. कंपनीची परदेशी बाई उद्या तपासायला येतेय. नोकरी प्यारी नाही का तुम्हाला?’’

‘‘आहे ना. पण ह्याच्यावर सही नाही.’’

घरी जाऊन वहिनीला सगळं सांगितलं. त्या बाईला गल्लीला पुन्हा विचारायला लावायचं, असं आम्ही ठरवलं. तिने पदर खोचला आणि गल्लीत दारोदार जाऊन खडसावलं, ‘‘उद्या कोणी त्यांच्या खोलीत टेकलात तर बघा. बाजारात जाऊन उभे राहा. बोलावलं की या.’’ पोस्टमनकाका कुरकुरले, ‘‘अगं, बिस्किटं बरी होती त्यांची.’’ वहिनी म्हणाली, ‘‘काका, बिस्किटांवर नाक विकलंत होय!’’

दुसऱ्या दिवशी परदेशी बाई आली. उंच, नीटनेटकी, हातात पांढराशुभ्र रुमाल. अत्तरदाणीने बिनसहीचा कागद पुढे केला. मी त्या बाईला तिच्याच भाषेत सांगितलं की ही माणसं काल सकाळभर उकळायच्या खोलीशेजारी बसवली होती, आज ताज्या हवेतून आली आहेत, आज विचारा. अत्तरदाणीचं तोंड त्या सायीसारखं पिवळं पडलं.

बाई ‘बोलवा’ म्हणाली आणि पोस्टमनकाका फाटकातून आले. हौद अजून लांबच होता. ते थबकले, दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि लहान पोरासारखे ओरडले, ‘‘शीऽऽ! थूऽऽ!’’

बाईने मला विचारलं, काय म्हणाले?

‘‘ऑफेन्सिव्ह,’’ मी म्हटलं.

ती रुमालाआडून गोड हसली. एवढं नसेल, म्हणाली. ‘अनप्लेझंट’ म्हणू या का? तो शब्द जरा संतुलित वाटतो.

माझ्या अंगावर काटा आला. एक आमचा, एक त्यांचा, दोघांची नाकं झाकलेली, आणि उघड्या नाकाच्या माणसांसाठी शब्द हे दोघे निवडणार.

‘‘मॅडम, रुमाल खाली घ्या आणि मग निवडा.’’

‘‘अहो बाई!’’ अत्तरदाणी किंचाळला.

अपमान झाला होता तिचा. अपमानापायीच तिने हात खाली घेतला, जणू मला दाखवायचं होतं की ह्यात काही विशेष नाही. दोन पावलं पुढे गेली. हौदात एक बुडबुडा फुटला. तिचा गळा वरखाली झाला, डोळ्यांत पाणी आलं, ती वळली आणि भिंतीला हात टेकून वाकली. वर आली तेव्हा हनुवटीवर ओघळ होता. अत्तरदाणी सुगंधी टिश्यू घेऊन धावला.

तिने पेन मागितलं आणि स्वतःच्या हाताने ‘ऑफेन्सिव्ह’ लिहिलं. मी खाली सही केली.

हौद बंद झाला. मी काही खूश झाले नाही. वहिनी ओकली ती ‘अनवेल’. पोरगी महिनोन्‌महिने जेवली नाही, त्याला कुठल्याच भाषेत शब्द नव्हता. आणि ह्या बाईला एक उमासा आला तो लगेच नियम झाला! घरी मी हे तावातावाने बोलत होते, तर वहिनी भांडी घासता घासता म्हणाली, ‘‘वन्सं, झाकण बसतंय ना? ते कोणाच्या ओकारीने बसलं हे काय चाटायचंय?’’

हौद उपसायला काढला तेव्हा वास दुप्पट झाला, म्हणून ती पोरीला घेऊन माहेरी गेली. मी ऑफिसात गेले तर अत्तरदाणीने नवीन पत्र पुढे ठेवलं. हौद कारखान्याने ‘व्हॉलंटरिली’, म्हणजे आपखुशीने, बंद केला असं कंपनीला कळवायचं होतं.

‘‘हे करा, आणि नोकरीचं काय ते आपण बघू,’’ म्हणाला. रुमाल नाकावर होताच.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. पोरीने वाटीभर भात खाल्ला होता आणि अजून मागत होती. मागून तिचा चमचा वाटीवर आपटल्याचा आवाज येत होता. मी तो पुरेसा ऐकून घेतला, फोन ठेवला, आणि पत्राच्या चिंध्या करून त्याच्या सुगंधाच्या यंत्रावर टाकल्या.

‘‘दुसरी बाई शोधा,’’ मी म्हटलं. ‘‘पण तिलाही नाक असेल, एवढं ध्यानात ठेवा.’’