रोज मार खाणारा कोट-स्टँड

मित्रांनो, मी एक जुना कोट-स्टँड आहे. माझ्यासारख्याची गोष्ट कोण ऐकणार, असे मला नेहमी वाटते. तरी सांगून पाहतो.

मॉन्ट्रियलच्या एका सुताराने मला मेपलच्या लाकडातून घडवले. न्हाव्याच्या दुकानात मी गिऱ्हाइकांचे ओले कोट सांभाळले. ते दुकान बंद पडले आणि नोरीनबाईंनी मला उचलले. भोवती सगळी फ्रेंच बोलणारी वस्ती, आणि बाईंची नाटक मंडळी मात्र इंग्रजी! नाटके एकपात्री, हसता हसता रडवणारी. रंगमंचावर बाई एकट्या, म्हणून त्यांचा दारुडा बाप मी झालो.

पहिल्या अंकात बाप मुलीला झोडपी. बाईच पट्टा उगारत, बाईच कळवळत. लोक पोट धरून हसत. दुसऱ्या अंकात मुलगी काठीने सूड घेई. बिटाचा रस रक्त म्हणून उडे. काठी मात्र खरीच बसे, म्हणून रोज खेळाआधी बाई एकेक घाव सावकाश घालून पाहत, माझ्या पाचही खुंट्या चाचपत.

दिवे रोझेअर सांभाळी. एकदा बाई नाटकात कोसळल्या, तर हा खरेच समजून धावत आला. खेळाचा पार विचका झाला.

"गाढवा, मी मेले तरी आत पाऊल टाकायचं नाही!" बाई कडाडल्या.

"बरं बाई. मेलात की कळवा," तो पुटपुटला.

एकदा बर्फामुळे बाईंना उशीर झाला. त्या दिवशी मला कोणी चाचपले नाही. माझी वरची खुंटी आधीच तडकली होती, पण मी सांगणार कसा? काठी बसली, खुंटी उडाली आणि तिने बाईंची भुवई फाडली. दोन्ही डोळे रक्ताने भरले. बिटाचा रस समजून लोक हसले. बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. चाचपडत त्या रंगमंचाच्या कडेशी आल्या, तेवढ्यात हाताला मी लागलो. त्यांनी मला घट्ट मिठी मारली.

प्रेक्षक हेलावले. मुलीने बापाला क्षमा केली! टाळ्यांचा कडकडाट झाला.

रोझेअर मात्र ताडकन उठला. "बाई आणि त्या बापाला मिठी? शक्यच नाही!" त्याने सगळे दिवे लावले आणि आत धाव घेतली. बाईंचा डोळा थोडक्यात वाचला.

पुढे एक प्रेक्षक म्हणाला, "ती मिठी नाटकात ठेवा ना!"

"त्याला मिठी? मी मेले तरी नाही!"

"मग पुन्हा तसं काही झालं तर मी आत यायचं का?" रोझेअरने विचारले.

"ये बाबा, ये," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, ज्याच्यावर रोज घाव घालता, त्याच्यावरून आधी एकदा हात फिरवत जा. तो बोलू शकत नाही. बाई अजून मला मारतात. पण त्याआधी माझ्या चार खुंट्यांवरून आणि पाचवीच्या रिकाम्या भोकावरून सावकाश बोट फिरवतात.