छतापासून चार बोटं खाली

मी खांब बोलतोय, गावातल्या जुन्या चर्चमधला, डावीकडच्या ओळीतला शेवटचा. माझ्यापायी एका तरुण आईचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आणि मी अजून उभा आहे, तो तिच्या लेकीमुळे.

चर्चचं छत माझ्यावर उभं आहे, असं सगळे धरून चालले होते. तसं काही नाही. बांधताना गवंड्याचं माप चुकलं आणि मी तुळईपासून चार बोटं खालीच राहिलो. त्याने फटीत फळकुट ठोकलं, वरून चुना फासला आणि म्हणाला, "वर बघतंय कोण?"

खरंच कुणी बघितलं नाही. मागाहून कमानी झाल्या, रंगीत काचा आल्या, घंटेचा मनोरा चढला. एक अभ्यासक तर "केवढा भार पेलतोय!" म्हणून माझे फोटो काढून गेला. फुकटचा मोठेपणा कुणाला नको असतो?

माझं खरं काम खालीच. प्रवचन सुरू झालं की माझ्या आडोशाला कुणी मोबाइल चाळतं, कुणी घोरतं. ही आईही तिथलीच. लेक चार वर्षांची, आवाज खणखणीत, मनात येईल ते बोलणारी. "आपलंच वळण कमी पडतंय," असं आई मला टेकून पुटपुटायची.

मग नवे फादर आले. त्यांनी वास्तुतज्ज्ञ आणला, त्याने शिडी लावली आणि माझं बिंग फुटलं. "काढला तरी छत हलणार नाही," म्हणत त्याने माझ्या अंगावर खडूने फुली मारली.

रविवारी प्रार्थनेनंतर फादरांनी सगळ्यांना विचारलं, "काढू या ना? मला तुमचे चेहरे दिसायला हवेत."

चेहरे पडले होते. पण खरं कारण सांगणार कोण? समितीचे अध्यक्ष सगळ्यात आधी उठले. "काढा, फादर! आडोसा हवाय कुणाला?"

"हो, हो," मोबाइलवाल्या काकूही म्हणाल्या.

रात्रभर घोकलेलं घेऊन आई उभी राहिली. "फादर, तो... म्हणजे जुना आहे."

"अहो ताई, पण त्याचा उपयोग काय?"

आई खाली बसली. "उपयोगावरच जायचं तर आधी मलाच काढा," ती माझ्या कानात म्हणाली.

तेवढ्यात लेक बाकावर चढली आणि अध्यक्षांकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, मग हे आजोबा आता झोपणार कुठे?"