साळूबाईची तपासणी

मित्रांनो, मला नाडी नाही. तरीही गेल्या सोळा वर्षांत शेकडो मुलींनी माझे मनगट धरले, घड्याळाकडे बघितले आणि गंभीर चेहऱ्याने आकडा सांगितला. एकीने तर घाबरून माझा ताप किती आहे तेही सांगून टाकले होते. मी नाशिक रोडच्या एका नर्सिंग विद्यालयातली सरावाची बाहुली आहे. वयाने जुनी, अंगाने रबराची आणि नावाने साळूबाई.

माझा जन्म एका कारखान्यातल्या साच्यात झाला. मला डोके, दोन हात, दोन पाय मिळाले. छातीत एक पोलादी स्प्रिंग बसवली आणि तिच्याखाली एक छोटीशी कळ. छाती पुरेशी खोल दाबली गेली की ती कळ 'टक्' असा आवाज करी. माणसाचे हृदय बंद पडले तर मदत येईपर्यंत त्याची छाती दाबत राहावे लागते, मिनिटाला शंभराच्या वर, आणि निदान पाच सेंटिमीटर खोल. हलक्या हाताने गोंजारून भागत नाही. ती 'टक्' म्हणजे माझी शाबासकी होती. ती सहजासहजी कोणाला मिळत नसे.

मी खोक्यातून बाहेर आले त्या दिवशी प्रतिभा मॅडमनी मला खाटेवर निजवले. त्या तेव्हा नव्याच शिक्षिका होत्या, बांध्याने बारीक, आवाजाने खणखणीत. त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारले, "पेशंटचं नाव काय?"

"मॅडम, ही तर बाहुली आहे."

"खाटेवर आहे ना? मग पेशंट आहे. पेशंटला नाव असतं."

मुलगी गडबडली आणि तोंडाला आले ते नाव तिने सांगितले. "साळूबाई." सगळा वर्ग हसला. प्रतिभा मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खडूने पाटीवर 'साळूबाई, वय ५५' असे लिहिले आणि ती पाटी माझ्या खाटेला अडकवली.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या मुली, नोटांच्या छापखान्यातल्या कर्मचाऱ्यांच्या मुली, गावाकडून भाजीच्या गाडीत बसून येणाऱ्या मुली, सगळ्या माझ्यावर शिकल्या. मला अंघोळ घातली, कुशीवर वळवले, नाकातून नळी घातली. माझ्या दंडात इतक्या सुया गेल्या की तिथले रबर तीनदा बदलावे लागले. "साळूबाई, आता टोचतंय हं," असे म्हटल्याशिवाय सुई उचलायची नाही, हा प्रतिभा मॅडमचा नियम होता. इथून शिकून गेलेल्या मुली सुट्टीत भेटायला आल्या की माझ्या गालाला हात लावून जात. मला त्याचा फार अभिमान वाटे.

पण दिवस सारखे राहत नाहीत. प्रतिभा मॅडमची बदली संस्थेच्याच रुग्णालयात झाली. पाठोपाठ महासाथ आली, विद्यालय बंद पडले. पुन्हा उघडले तेव्हा माझ्या खोलीत मोठा पडदा लागला होता. मुली पडद्यावर दुसऱ्याच कोणाची तरी छाती दाबलेली बघत आणि वहीत लिहून घेत. मला हलवताना माझा डावा खांदा निखळला. स्प्रिंग थकली आणि 'टक्' बंद झाली. मग शिपाईकाम करणाऱ्या लताबाईंनी मला जुन्या चादरीत गुंडाळून जिन्याखालच्या खोलीत ठेवले. जाताना त्या म्हणाल्या, "पड गं बाई इथं. माझं काय चालतंय."

तिथे मी तीन वर्षे पडून होते. बाहेर मुलींची पावले वाजत, पण एकही माझ्याकडे येत नसे. शिकवायचे असताना पडून राहणे किती कठीण असते, ते मला तिथे कळले.

गेल्या वर्षी प्रतिभा मॅडम परत आल्या. आल्या त्याच दिवशी त्यांनी विचारले, "साळूबाई कुठंय?" लताबाईंनी जिन्याखालचे दार उघडले. मॅडमनी माझ्या तोंडावरची धूळ पदराने पुसली आणि मला पुन्हा सरावाच्या खोलीत नेले. त्यांचे केस पांढरे झाले होते.

त्याच आठवड्यात पत्र आले. विद्यालयाच्या मान्यतेची मुदत संपत होती. ती वाढवायची की नाही, हे ठरवायला समिती महिनाभराने तपासणीला येणार होती. मान्यता म्हणजे काय, ते तुम्हाला सांगते. इथे शिकलेल्या मुलीच्या हातात आजारी माणूस द्यायला हरकत नाही, असे जाणत्या लोकांनी बघून, तपासून सांगणे. ती गेली की नवे प्रवेश बंद, आणि आत असलेल्या चाळीस मुलींनी कुठे जायचे, याला उत्तर नाही.

संस्थेचे सचिव अश्विन सर होते. माणूस वाईट नव्हता, पण मान्यता जाईल म्हणून घाबरला होता. सरावाच्या खोलीसाठी समितीच्या यादीत मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्या हव्या होत्या. इथे मी एक, तीही मोडकी. एका पुरवठादाराने त्यांना वाट दाखवली. तपासणीच्या दिवसापुरत्या दोन नव्या कोऱ्या बाहुल्या आणायच्या आणि संध्याकाळी परत पाठवायच्या.

अश्विन सरांनी सरावाच्या खोलीत येऊन हे सांगितले. मी कोपऱ्यातच होते, म्हणून सगळे ऐकले.

"सर, त्या बाहुल्यांवर मुलींना सराव करता येईल?" प्रतिभा मॅडमनी विचारले.

"मॅडम, त्या समितीसाठी आहेत. खोक्यातून काढायच्या, मांडायच्या, बस्स. सगळीकडे असंच चालतं."

"साहित्याच्या नोंदवहीवर सही माझी लागते. मी करणार नाही."

"आणि मान्यता गेली तर? चाळीस पोरींचं वर्ष तुमच्या डोक्यावर येईल. नोकरीचा तरी विचार करा."

मॅडम म्हणाल्या, "विचार करूनच बोलतेय, सर. वॉर्डात काम करताना मी बघितलंय. आपलीच शिकलेली मुलगी, प्रमाणपत्र हातात, आणि पेशंट कोसळल्यावर भिंतीला चिकटून उभी. तिनं छाती दाबायचं फक्त पडद्यावर बघितलं होतं."

अश्विन सर निघून गेले. बाहुल्या येणार नाहीत, असे मात्र ते म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मुलींनी माझा ताबा घेतला. वेदिका नावाच्या मुलीचे वडील, गोटीराम, अंबडला फिटर होते. सुट्टीच्या दिवशी ते हत्यारांची पिशवी घेऊन आले. त्यांनी मला टेबलावर पालथे घातले, खांदा उघडला आणि आतला सांधा बोटाने चाचपला.

"सांध्यातली नळी, बुश म्हणतो आम्ही, ती झिजलीय. नवी लेथ मशीनवर करून आणतो. स्प्रिंग मात्र मापाची पाहिजे. कितीला दाबायची म्हणालात?"

"पाच सेंटिमीटर."

"म्हणजे पन्नास मिलिमीटर. एक मिलिमीटर कमीजास्त चालेल?"

"कमी नको," मॅडम म्हणाल्या. "पोरीला उगाच शाबासकी मिळायला नको."

गोटीरामांनी तीन वेळा स्प्रिंग बदलली. तिसऱ्या वेळी त्यांनी पट्टी लावून छाती दाबली आणि माझ्या आतून आवाज आला, 'टक्'. मित्रांनो, मुलींनी एवढा गलका केला की लताबाई झाडू घेऊन धावत आल्या.

मग रोज सराव. संजना आहेर नावाची एक मुलगी होती, देवळ्याची. घरचा कांद्याचा मळा. अंगाने एवढीशी, वर्गात कायम शेवटच्या बाकावर, बोलायला लावले की मान खाली. पहिल्या दिवशी तिने दहा वेळा दाबले आणि मी गप्प. ती रडकुंडीला आली. मॅडम म्हणाल्या, "हातानं नको दाबूस. कोपरं ताठ ठेव, खांदे हातांच्या बरोबर वर आण, आणि सगळं अंग टाक." चार दिवस ती झटली. पाचव्या दिवशी 'टक्' झाली. ती थांबलीच नाही. ओळीने तीस वेळा तिने ती मिळवली आणि घामेघूम होऊन जमिनीवर बसली.

तपासणीच्या दिवशी सकाळी फाटकात टेम्पो येऊन उभा राहिला. त्यात दोन खोकी होती. समिती यायला तासभर होता. अश्विन सर घाईघाईने खोलीत आले. "मॅडम, शेवटचं विचारतो."

"सर, एक मिनिट," प्रतिभा मॅडम म्हणाल्या. "हिची छाती तुम्ही एकदा दाबून बघा."

सर वैतागले, पण मुली बघत होत्या. ते वाकले, त्यांनी दोन्ही हात माझ्या छातीवर ठेवले आणि दाबू लागले. पंधरा वेळा दाबून त्यांना धाप लागली. माझ्यातून आवाज आला नाही. खोटे कशाला बोलू?

"संजना, तू दाखव," मॅडम म्हणाल्या.

सरांच्या खांद्याला लागणारी ती मुलगी गुडघ्यावर बसली. टक्, टक्, टक्. अश्विन सर रुमालाने मान पुसत बघत राहिले. मग खिडकीशी जाऊन त्यांनी खाली हाक मारली, "ए दादा, टेम्पो परत ने. काही उतरवू नकोस."

समितीत तिघे होते. प्रमुख होत्या सविता मॅडम, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी यादी बघितली, मला बघितले, गोटीरामांनी बसवलेला खांदा फिरवून बघितला.

"दोन हव्यात. इथं एकच आहे."

"हो, एकच आहे," प्रतिभा मॅडम म्हणाल्या.

"तीही जुनी."

"सोळा वर्षांची."

सविता मॅडमनी काहीतरी लिहिले. अश्विन सरांचा चेहरा उतरला. मग त्या म्हणाल्या, "एक मुलगी बोलवा. नाही, मीच निवडते. ती, शेवटची."

शेवटची म्हणजे संजनाच. ती मान खाली घालून पुढे आली. सविता मॅडम म्हणाल्या, "ही बाई आत्ता तुझ्यासमोर पडली. चल."

क्षणभर ती नुसती उभी राहिली. मला वाटले, संपले. मग ती गुडघ्यावर बसली, माझे दोन्ही खांदे हलवून ओरडली, "साळूबाई! ओ साळूबाई! ऐकू येतंय का?" तिने कान माझ्या तोंडाशी आणला, छातीकडे बघितले आणि मान वर करून थेट सविता मॅडमनाच फर्मावले, "तुम्ही! एकशे आठला फोन लावा!"

सविता मॅडमचा हात खरोखरच पर्सकडे गेला. एक मुलगी फिसकन हसली. संजनाला ते ऐकूही आले नाही. तिने तीस वेळा दाबले, दोन श्वास दिले, पुन्हा तीस. समितीतले एक गृहस्थ घड्याळ धरून उभे होते. दोन मिनिटांत एकही 'टक्' चुकली नाही.

"दुसरी," सविता मॅडम म्हणाल्या. मग तिसरी. त्यांनी त्या दिवशी चाळीसच्या चाळीस मुली तपासल्या. जेवणाची वेळ टळून गेली, कोणी उठले नाही. सदतीस जणींना जमले. तिघींना जमले नाही, त्यांची नावे प्रतिभा मॅडमनी आधीच वहीत लिहून ठेवली होती, 'आणखी सराव हवा' अशा शेऱ्यासह. ती वही सविता मॅडमनी दोनदा वाचली. निकाल टपालाने कळेल, एवढे सांगून त्या गेल्या.

तीन आठवडे गेले. अश्विन सर रोज टपालाची वाट बघत. एका दुपारी लताबाई पाकीट घेऊन पळतच वर आल्या. सरांनी ते मुलींसमोरच फोडले आणि मोठ्याने वाचले. मान्यता पूर्ण मुदतीसाठी वाढवली होती. सहा महिन्यांत दुसरी बाहुली घ्यावी, अशी अट होती. आणि खाली एक ओळ होती, 'उपलब्ध साहित्याचा प्रत्यक्ष सरावासाठी झालेला वापर उल्लेखनीय आहे.' मुलींनी प्रतिभा मॅडमना उचलूनच घेतले. मॅडम "अगं सोडा, पडेन!" म्हणत होत्या आणि हसता हसता डोळे पुसत होत्या. लताबाईंनी गरम जिलेबी आणली. एकीने जिलेबीचे एक कडे माझ्याही उशाशी ठेवले.

दुसरी बाहुली आली. तिच्यात दिवे लागतात. आमचे छान जमते. ती आल्यामुळे मला बाहेर जाता येऊ लागले. संजनाने हट्ट धरला आणि या जानेवारीत मुलींनी मला देवळ्याच्या कांदा बाजारात नेले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यावर छत नव्हते. ताडपत्रीवर मी आडवी, सभोवती कांद्याचे ढीग, आणि हमाल, व्यापारी, ट्रॅक्टरवाले रांगेत उभे. शेवटच्या बाकावरची संजना माल पुकारणाऱ्यापेक्षा मोठ्या आवाजात समजावत होती.

रांगेत कांदा निवडणाऱ्या गोजराबाई होत्या. सत्तरीच्या. लोक म्हणाले, आजी, तुम्ही राहू द्या. त्या पुढे आल्या आणि पदर खोचून माझ्याशेजारी बसल्या.

"सरका. माले बी करू द्या. मनी सासू अशीच पडनी व्हती. कोणलेच काही करता उनं नई."

कोणालाच काही करता आले नव्हते. संजनाने त्यांचे खरबरीत हात माझ्या छातीवर नीट ठेवले आणि आजी दाबू लागल्या. सोळा वर्षांत माझ्यावर पडलेल्या हातांपैकी ते सर्वांत जड होते. तिसऱ्याच दाबाला बाजारभर टाळ्या झाल्या.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही एखादे बंद कपाट असेल. आत सूक्ष्मदर्शक असेल, तराजू असेल, हाडांचा सांगाडा असेल. खराब होईल म्हणून कोणी त्याला हात लावत नसेल. तुम्ही उद्या जा आणि सरांकडे किल्ली मागा. आम्हाला वापरा, मोडलो तर दुरुस्त करा, काम झाले की पुसून जागेवर ठेवा. वापरून झिजायला आम्ही भीत नाही.