मधला वेळ

ती फिजिओथेरपिस्ट होती. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायची. तिचं वेळापत्रक ऑफिसातला को-ऑर्डिनेटर लावायचा. एक पेशंट अकराला संपला की दुसरा अकरालाच सुरू, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला.

"अहो, मधे जायला-यायला वेळ नको का?" तिने विचारलं.

"पळत जा. लोकांना चालायला शिकवता ना तुम्ही?" तो म्हणाला, आणि सगळं ऑफिस खिदळलं.

आईच्या ऑपरेशनच्या दिवशी तिने दोन वाजल्यापासून सुट्टी मागितली. त्याने पावणेदोनपर्यंत पुलापलीकडचा पेशंट ठेवला. "दोनला मोकळ्याच आहात की!" ती हॉस्पिटलात पोचली तेव्हा आईला आत नेलं होतं. "ताई कुठंय, ताई आली का, एवढंच विचारत होती," धाकटा भाऊ म्हणाला. आई पुन्हा शुद्धीवर आलीच नाही.

तिने नोकरी सोडली नाही. दात-ओठ खात तिथेच राहिली. तीन वर्षांनी ती शाखाप्रमुख झाली आणि त्याचं कॅलेंडर तिच्या हाती आलं.

काही महिन्यांनी तो केबिनमध्ये आला. "मॅडम, गुरुवारी तीनला लेकीचं रजिस्टर लग्न आहे. साक्षीदार म्हणून सही मीच करणार."

"तीनला मोकळे असाल," ती गोड आवाजात म्हणाली, आणि पावणेतीनपर्यंतची मीटिंग टाकली. शहराबाहेरच्या कारखान्यात.

"मॅडम, तासाभराचा रस्ता आहे हो!"

"माहितीये. अर्ध्यातून उठायचं असेल, तर राजीनामा देऊनच उठा."

त्याला काय ते कळलं. पण बोलणार कोणत्या तोंडाने?

गुरुवारी तो चारला पोचला. सही मुलीच्या मामाने केली होती.

शुक्रवारी लेक तरातरा ऑफिसात आली. "बाबांना मुद्दाम अडकवलंत ना?"

"हो, मुद्दामच." आणि तिने आईची सगळी हकिगत सांगितली, पदरचा एकही शब्द न घालता. तो दाराशीच उभा होता.

"बाबा, खरं आहे हे?"

त्याने मान खाली घातली. लेक त्याच्याकडे न बघता जिना उतरली.

"अगं, ऐक तरी!" म्हणत तो मागे धावला. खिडकीतून तिला दिसलं: लेक रस्ता ओलांडून गेली, तो फुटपाथवरच राहिला.

आपल्याला वाईट वाटेल, असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. त्या दुपारी तिने डबा चाटूनपुसून संपवला.