आईचे गुडघे

उत्कर्षानं आईच्या अंबाड्यातला आकडा काढून हातात धरला. त्याशिवाय तो आभासी दृश्यं दाखवणारा जाडजूड काळा चष्मा डोक्यावर नीट बसेना. समुपदेशक रेश्मानं मागचा पट्टा आवळला.

"गुरम्माकाकू, काय दिसतंय?"

"रस्ता हाय. लई गाड्या." आई थबकली. "पण उलट्या बाजूनं यायल्यात की. आन् हॉर्न कुणीच वाजवंना. हे सोलापूर न्हाय."

रेश्मा हसली. "हे चित्र परदेशात बनवलंय, काकू. घाई नाही. भीती वाटली तर सांगा."

बाबांना हायवेवर ट्रकनं उडवलं, त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून आईनं एकही रस्ता ओलांडला नव्हता. वळसंगच्या शेतातली त्यांची समाधी रस्त्याच्या पलीकडे. आई ती अलीकडूनच पाहायची. वर्षाच्या पूजेला तरी तिनं स्वतः फूल वाहावं, म्हणून उत्कर्षा तिला इथं घेऊन आली होती. आणि आल्या आल्याच व्हरांड्यात गल्लीतल्या यशोदाकाकू भेटल्या होत्या. शेजारच्या हाडांच्या दवाखान्याबाहेर बाकावर नंबराची वाट पाहत बसलेल्या.

"तुमी दोघी हितं कशा?"

"आईचे गुडघे," उत्कर्षा पटकन म्हणाली, आणि मनोविकारतज्ज्ञांची पाटी झाकली जाईल अशी उभी राहिली. आईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं होतं.

आता आईचा डावा हात बाजूला हवेत गेला. बोटं उघडीच राहिली. रस्ता ओलांडताना बाबा त्या बाजूला असायचे. उत्कर्षा पुढे सरकली. रेश्मानं मानेनंच नको म्हटलं. जरा वेळानं आईनं तो हात पदरात गुंडाळला, दोन्हीकडे पाहिलं आणि खोलीच्या त्या टोकापर्यंत ताठ चालत गेली.

"झालं की," ती म्हणाली. चष्मा काढला तेव्हा गालांवर त्याचे वळ उमटले होते.

दार उघडून आईच पुढे निघाली. बाकावर यशोदाकाकू अजून होत्या. आईचं पाऊल आखडलं. तिनं उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लंगडत चालू लागली.

"लई दुकतंय व्हय गं, गुरम्मा?"

"व्हय की. वय झालं आता."

जिना संपेपर्यंत ती तशीच, कठड्याला धरून उतरली. मागून उत्कर्षा. आकडा अजून तिच्या मुठीत होता आणि तळव्यात रुतत होता.

फाटकाशी आई थांबली. समोरून गाड्या जात होत्या. रिक्षा पलीकडे उभी होती. तिनं वळून वर व्हरांड्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि हळूच विचारलं,

"आता सरळ चालू का?"