माझ्यात बुडवलेला गणपती

मी एक जुनी तांब्याची तपेली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू नेहमी गोड गोड बोलतात असा तुमचा समज असेल, तर तो आधी काढून टाका. मी रागावलेली आहे. तांबं लवकर तापतं, आणि मला तापायला कारणही तसंच मिळालं.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. तिथल्या कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं. सरोजच्या लग्नात मी रुखवतात मिरवले. पुढे वर्षानुवर्षं तिच्या घरचं वरण मीच शिजवलं. तिचे यजमान रावसाहेब जेवताना म्हणायचे, तपेलीतल्या वरणाची सर कशाला नाही. दिवाळीच्या आधी कल्हईवाला यायचा आणि मला आतून लख्ख पांढरी करून द्यायचा. मग घरात कुकर आला. त्याने चार शिट्ट्या मारल्या आणि मी माळ्यावर गेले. कल्हई उडाली, पुढे रावसाहेबही गेले, मला कुणी विचारेना. तेव्हा वाईट वाटलं, पण राग नाही आला. राग आला तो न्यूझीलंडला आल्यावर.

सरोजचा मुलगा प्रमोद पुण्यात पूल बांधणारा इंजिनियर होता. २००३ साली तो बायको अनुराधा आणि चिमुरड्या श्रियाला घेऊन ऑकलंडला आला आणि हिल्सबरोला भाड्याच्या घरात राहू लागला. काय त्या देशात पूल नाहीत? पण जिथे जावं तिथे एकच उत्तर, इथला अनुभव हवा. अहो, काम दिल्याशिवाय इथला अनुभव आणायचा कुठून? कोपऱ्यावरच्या डेअरीत दुधाशेजारी विकत मिळतो का तो? शेवटी ओटाहुहूच्या एका गोदामात तो खोकी रचायला लागला. पहाटे जायचा, दुपारी परतायचा. अनुराधा एका वृद्धाश्रमात काम करायची.

पुढच्या वर्षी सरोज सहा महिन्यांसाठी मुलाकडे आली. खाण्याचे जिन्नस विमानतळावर काढून घेतात असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं. म्हणून लोणच्यांच्या जागी तिने बॅगेत देव भरले, आणि देव ठेवायला मला घेतलं. विमानतळावरच्या माणसाने मला उलटीपालटी करून पाहिलं, आत माती नाही याची खात्री केली आणि हसून सोडून दिलं. माळ्यावरून एकदम समुद्रापार! मी हरखून गेले होते.

घर हसतं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. प्रमोद गोदामातल्या गमती सांगायचा. श्रिया त्याच्या पोटावर बसून ऐकायची. सरोजला मात्र त्या गमती दिसेनात. तिला दिसलं ते मुलाच्या अंगातलं केशरी जॅकेट आणि हातांवरचे घट्टे. दुसऱ्याच दिवशी ती मला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथल्या झाडाचं लिंबू तोडून मीठ-लिंबाने मला घासलं. मला वाटलं, आता वरण! कसलं वरण नि कसलं काय. तिने माझ्यात पाणी भरलं, पितळेचा अंगठ्याएवढा गणपती त्यात बुडवला आणि सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाली, "माझ्या प्रमोदला त्याच्या शिक्षणाचं काम मिळेपर्यंत तुला बाहेर काढणार नाही."

मित्रांनो, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मनातलं व्हावं म्हणून देव पाण्यात ठेवायचे. देवाचा जीव कासावीस झाला की तो लवकर पावतो म्हणे! मला विचाराल तर ही भक्ती नव्हे, ही देवाची मानगूट धरणं आहे. आणि त्या कामाला भांडं कोणतं? मी! नुसतं आठवलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

त्या घरात देवघर नव्हतं. सरोजने मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं, मागच्या दारासमोर. घरातली सगळी माणसं त्याच दाराने ये-जा करत. म्हणजे प्रमोद दमूनभागून आला, दार लोटलं, की पहिली मी दिसणार आणि माझ्यात बुडालेला गणपती दिसणार. आईने हे प्रेमाने केलं, पण प्रेमाने केलेल्या गोष्टी कधीकधी फार लागतात.

श्रियाने एकदा माझ्यात डोकावून विचारलं, "आजी, इज ही इन ट्रबल?" तिच्या किंडीत, म्हणजे तिथल्या बालवाडीत, खोडकर मुलांना बाजूला बसवत असत, तसं काहीतरी तिला वाटलं असावं. सरोजने तिला गप्प बसवलं. त्या घरात शहाणं बोलणारी तेवढी एकच होती, आणि तिलाच गप्प बसवलं!

सरोजने ही गोष्ट पुण्यातल्या यच्चयावत नातेवाइकांना फोनवर सांगितली. रविवारी जेवायला येणारा प्रमोदचा मित्र गुरुनाथ आणि त्याची बायको नीलांबरी माझ्यात वाकून बघत आणि हळहळत. गुरुनाथ कॉम्प्युटरवाला. त्याला येताक्षणी नोकरी लागली होती. तो प्रमोदच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, श्रद्धा कमी पडत असेल रे. ताटात आमटी वाढून घेता घेता! मला हात असते ना, तर ती आमटी मी त्याच्या शर्टावर ओतली असती.

हिवाळा आला. पाणी बर्फासारखं गार पडायचं. सरोज रोज सकाळी ते बदलायची, बदलताना रडायची. प्रमोदने गमती सांगणं बंद केलं. ओट्यावरच्या खिडकीतून मला दिसायचं, तो दुपारी वेळेवर यायचा, गाडी लावायचा आणि गाडीतच बसून राहायचा. आत यायचंच नाही त्याला. श्रिया काचेला नाक लावून बाबा बाबा म्हणायची. सरोज म्हणायची, दमला असेल. दमला कशाने, हे तिच्या लक्षात येत नव्हतं, आणि मला तर वाचा नव्हती.

मग एका कंपनीने त्याला मुलाखतीला बोलावलं. दोनदा बोलावलं. शेवटी नकार आला. सरोजने काय करावं? पुण्याहून आणलेल्या देवांतली अन्नपूर्णा उचलली आणि तीही माझ्यात घातली! दुष्काळात तेरावा महिना!

तेवढ्यात प्रमोद दारात उभा राहिला. त्याने आवाज चढवला नाही.

"आई, हे दार उघडलं की मला गणपती दिसत नाही. मी दिसतो. बुडालेला."

सरोज म्हणाली, "अरे, तुझ्यासाठीच करते ना मी."

"माहीत आहे. पण तू धमकी देतेस देवाला, आणि ती ऐकू येते मला."

एवढं बोलून तो श्रियाला किंडीतून आणायला निघून गेला. अनुराधा दाराशी उभी होती. सासूला काही लागेल असं बोलणं तिच्या जिभेवर आलं होतं, पण तिने ते गिळलं आणि खुर्ची पुढे सरकवली. सरोज बसली नाही. ती माझ्या कडेला दोन्ही हात धरून उभी होती. बोललेला नवस मोडला तर देव कोपेल, मुलाचंच वाईट होईल, ही भीती तिच्या हाडात मुरलेली होती. तिला ते काम किती अवघड होतं ते मलाच कळलं, कारण तिची पकड माझ्या कडेवर होती.

तिने पाण्यात हात घातला. आधी अन्नपूर्णा काढली, मग गणपती. पदराने त्याला कोरडं केलं, सोंडेच्या वळणातलंसुद्धा पाणी टिपलं. मग त्याला समोर धरून रागानेच म्हणाली, "काम कधी द्यायचं ते तू बघ. तुझी वेळ तुझ्यापाशी. माझा मुलगा मला आज घरात हवा."

माझ्यातलं पाणी तिने लिंबाच्या मुळाशी ओतलं. प्रमोद परतला, तेव्हा ओटा रिकामा होता. तो दारात थोडा थबकला, मग आत आला आणि आईच्या शेजारी जमिनीवर बसला. अनुराधाने चहा टाकला.

काम लगेच मिळालं असेल असं तुम्हाला वाटत असेल. छे! सरोजचे सहा महिने संपले, ती मला तिथेच ठेवून पुण्याला गेली. आणखी एक हिवाळा गेला. गोदाम सुरूच होतं, पण प्रमोद गाडीत बसून राहत नव्हता. मग ख्राइस्टचर्चला एका लहान कचेरीत काम मिळालं. मोठे पूल नव्हेत, ओढ्यावरचे मोरीपूल. फोनवर ते ऐकून सरोज बराच वेळ नुसती रडत होती. आणि तो गुरुनाथ निरोप द्यायला आला तेव्हा काय म्हणाला? म्हणाला, बघ, देव पाण्यात ठेवले त्याचं फळ! अरे शहाण्या, देव बाहेर काढून वर्ष उलटलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तपेलीला तळपाय नसतात, तरी गेली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचं काहीतरी लांबलेलं असेल. कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, कुणाची परीक्षा. देवाच्या मनात असेल तेव्हा तो देईल, त्याच्यामागे तगादा लावू नका. पण त्याहून महत्त्वाचं सांगते, आणि हे मी रागाने सांगते आहे, नीट ऐका. ते माणूस घरी येईल तेव्हा 'काही कळलं का?' असं विचारू नका. 'आलास? चल, पानं घेतली आहेत,' एवढंच म्हणा. त्याला उशीर झालेला आहे हे त्याला तुमच्याआधी ठाऊक असतं.